होनाजीचा शब्द आणि बाळाचा गळा

रामजोशी, अनंतफंदी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ आणि होनाजी बाळा अशी पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांची नामावळी आपल्या विद्यार्थ्यांस पाठ असते. त्यांतील शेवटचे नाव एका माणसाचे नसून दोघांचे आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. होनाजी शिलारखाने हा जातीचा गवळी; बाळा करंजकर हा शिंपी. एकाने रचावे आणि दुसऱ्याने गावे, अशी ही जोडी. शाहिरी होनाजीच्या घराण्यात आधीपासूनच होती; परंतु लोकांच्या जिभेवर त्याच्या नावाला कायमचे चिकटून राहिले ते घराण्याचे नाव नव्हे, गायकाचे. लावण्यांच्या अखेरीस येणाऱ्या नाममुद्रेतही ही दोन नावे जोडीने नांदतात. कवीने आपल्या कवितेवरील सहीत गाणाऱ्याला वाटा द्यावा, यात आम्हांस एक वाङ्मयीन मत दिसते. माझी लावणी लिहून झाली तेव्हा ती निम्मीच झाली होती, असे होनाजी त्या मुद्रेतून सांगत आहे.

आम्ही होनाजीचे चाहते आहोत, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. चाहत्याने समीक्षा करू नये असा एक समज आहे. पण ज्याला गाणे आवडत नाही त्याने लावणीची समीक्षा करावी, हे त्याहूनही विचित्र. आमची तक्रार आहे ती होनाजीला अर्ध्यानेच शिकवण्याच्या आमच्या सर्वांच्या सवयीविषयी. हे अर्धेपण दुहेरी आहे. पहिले असे की आपण त्याचा शब्द वाचतो आणि चाल सोडून देतो. दुसरे असे की त्याची भूपाळी आपण मुलांपुढे ठेवतो आणि लावणी झाकून ठेवतो. या दोन्ही चुका मुळात एकच आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम चालीचा विचार करू. तमाशातली लावणी ही उघड्या मैदानातली. तेथे ढोलकीचा कडक बोल दूरवर पोचावा लागतो, तुणतुणे अखंड वाजत राहते आणि शाहिराच्या ओळीचे शेपूट झीलकरी उंच सुरात उचलून धरतात. अशा ठिकाणी ओळ आटोपशीर, ठसकेबाज आणि वेगाची हवी. ती रेंगाळली तर श्रोता उठून जाईल. होनाजीने ढोलकीच्या जागी तबला आणला आणि बैठकीच्या लावणीचा पायंडा पाडला, याचे श्रेय त्याला परंपरेने दिले जाते. वाङ्मयाच्या इतिहासात ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते, जणू काही ती वाद्यांच्या खरेदीची नोंद आहे. वास्तविक या एका बदलाने कवितेची घडणच बदलली. तबल्याचा ठेका संथ आणि समतोल चालू शकतो. डग्ग्याचा घुमारा मऊ असतो. गाणारी व्यक्ती बसलेली, श्रोते चार हातांवर. तेथे एकच ओळ चार वेळा म्हणता येते आणि चारही वेळा तिचा भाव निराळा ठेवता येतो: एकदा लटका राग, एकदा विनवणी, एकदा थट्टा, एकदा खरोखरीचे दुःख. हा अवकाश समोर ठेवून लिहिणारा कवी ओळीत सर्व काही भरून टाकत नाही. तो गळ्यासाठी जागा सोडतो. होनाजीच्या लावण्या रागदारीच्या अंगाने गायल्या जात, याचाही अर्थ हाच की त्याच्या शब्दांना स्वरांचा विस्तार सोसत असे.

याचे उदाहरण म्हणून मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणीची त्याची प्रसिद्ध लावणी घ्यावी. प्रसंग नेहमीचाच: वाटेवर हरीने पदर धरला आहे आणि ती तो सोडायला सांगत आहे. कागदावर हे एक तक्रारीचे पद आहे. परंतु तिचे आर्जव हेच लावणीचे ध्रुपद आहे, आणि ध्रुपद म्हणजे जेथे गाणे पुनःपुन्हा परत येते ती जागा. ‘सोड’ असे शब्द म्हणतात आणि चाल दर कडव्यानंतर त्याच शब्दांपाशी येऊन थांबते. ती जितक्या वेळा सुटका मागते, तितक्या वेळा गाणे तिला तेथेच धरून ठेवते. शब्द जाण्याची घाई करतात, सूर जाऊ देत नाही. या ओढाताणीतच लावणीचा सगळा रस आहे, आणि ती छापील पानावर दिसणे शक्य नाही. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’मुळे आपल्याला आवर्तने मोजण्याचे उत्तम साधन मिळाले आहे; वर्गात आपण मात्रा मोजतोही. पण कोणत्या अक्षरावर गळा थांबेल आणि कोणते अक्षर तो नुसते स्पर्शून जाईल, हे त्या मोजणीत येत नाही. ते बाळाचे काम होते.

शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या संग्राहकांनी शाहिरांच्या रचना गोळा करून छापल्या नसत्या, तर आज बोलायलाही काही उरले नसते. पुढे य. न. केळकरांनी ‘तंतकवि तथा शाहीर’मध्ये आणि म. वा. धोंडांनी १९५६ सालच्या ‘मऱ्हाटी लावणी’त या वाङ्मयाला अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. आमचे म्हणणे त्या ऋणाला विसरून नाही. मात्र छापील संहिता हाती आली म्हणजे लावणी हाती आली, असे जे आपण समजतो ते बरोबर नाही.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. होनाजीची पहाटेची भूपाळी मराठी माणसाला ओळखीची करून देण्याची गरज नाही. व्ही. शांताराम यांच्या १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाने, वसंत देसाई यांच्या चालीने आणि पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांच्या आवाजाने ती घरोघर पोचली. तेव्हापासून एक समजूत रूढ झालेली दिसते. ती अशी, की होनाजीने आयुष्यभर शृंगार गायला आणि अखेर ही भूपाळी रचून त्याचे क्षालन केले. लावणी हे त्याचे पाप आणि भूपाळी हे त्याचे पुण्य! शाळेत पुण्य शिकवायचे, हे ओघाने आलेच.

ही समजूत भूपाळीच्या शब्दांपुढे टिकत नाही. देवाला जागे करणारी पदे मराठीत विपुल आहेत. त्यांतील भक्त बहुधा आपले काही गाऱ्हाणे घेऊन येतो: दर्शन दे, पाप हर, संसारातून सोडव. होनाजीच्या भूपाळीत कृष्णाला उठवायचे कारण काय आहे ते पाहावे. गाई हंबरत आहेत, भांडे घेऊन धार काढायची आहे. वासरे आईकडे डोळे लावून आहेत. संध्याकाळी एका झाडावर मेळ्याने बसलेले पक्षी चरायला उडून गेले आहेत. कावडी घेऊन लोक तीर्थाच्या वाटेला लागले आहेत. गोपींनी सडासंमार्जन केले, वाती सारून दिवे उजळले; कोणी रांगोळी घालीत आहे, कोणी कमरेवर घागर घेऊन यमुनेला निघाली आहे. सवंगडी दारात उभे राहून हाका मारीत आहेत. सारे जग कामाला लागले आहे आणि एकटा मुख्य माणूसच अंथरुणात आहे! हे वर्णन पुराणातून उचललेले नाही. पहाटे गोठ्यात ज्याचे हात दुधाच्या भांड्याला लागतात, त्या गवळ्याच्या घरचे ते आहे. होनाजीने आपल्या जातीचा दिवस जसा सुरू होतो तसाच गोकुळाचा दिवस सुरू केला. त्याची भक्ती आहे ती या ओळखीत.

आणि ही नजर कोणाची? बाजाराला निघालेल्या गवळणीची घाई ज्याने पाहिली त्याचीच. लावणीतल्या त्या बाईच्या डोक्यावर जे दूध आहे, त्याचीच धार भूपाळीत काढली जात आहे. एका गाण्यात पहाट आहे आणि दुसऱ्यात दिवस वर आला आहे, इतकेच. लावणी टाकून भूपाळी ठेवणे म्हणजे गवळ्याच्या घरातील देव्हारा ठेवून गोठा पाडणे होय.

संगीतातले एक उदाहरण येथे नीट लागू पडेल. भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर तेच पाच आहेत. भूपात गंधार वादी, तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देसकारात धैवत वादी, तो सकाळचा. स्वर एकही बदललेला नाही, केवळ कोणत्या स्वरावर भार द्यावा हे बदलले, आणि रात्रीची सकाळ झाली. होनाजीच्या लावणीचे आणि भूपाळीचे नाते आम्ही असेच समजतो.

त्याचे सारेच उत्तम आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. स्त्रीच्या रूपाचे नखशिखान्त वर्णन करताना तो ठरावीक उपमांच्या साखळीत अडकतो. अशा लावण्यांत एक वाचली म्हणजे दहा वाचल्यासारखे होते. काही ठिकाणी शृंगार उत्तान होतो, आणि त्या लावण्या शाळेत शिकवाव्यात असा आमचा आग्रह नाही. शब्दांच्या कसरतीत रामजोशी त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण गायल्यावर शब्द अधिक बोलका होणे हा जो गुण, त्यात होनाजीशी तुलना करता येईल असा शाहीर आम्हांस दिसत नाही.

या विषयाचे महत्त्व महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांस अधिक आहे. होनाजीला पुण्याप्रमाणेच बडोद्याच्या गायकवाडांचाही आश्रय होता. म्हणजे तो आमचाही शाहीर आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली. होनाजी १८४४ पर्यंत जगला. पुण्याचा दरबार उठून गेल्यावरही त्याचे गाणे राहिले, आणि एक शतक उलटून गेल्यावर नव्या चालीत पुन्हा उभे राहिले. आज बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत अशी कितीतरी मराठी घरे आहेत, जेथील मुलांना मराठी पुस्तक सरळ वाचता येत नाही. पण भूपाळी लावली की ती ओळीमागून ओळ म्हणतात. ज्या मुलांच्या डोळ्यांपर्यंत आपली भाषा पोचत नाही, त्यांच्या कानांपर्यंत ती पोचली आहे. शिक्षकांनी येथून आरंभ करावा, असे आम्ही सुचवतो. होनाजीचा पाठ घेताना फळ्यावर कठीण शब्दांचे अर्थ लिहिण्यापूर्वी गाणे ऐकवावे. गळा असेल त्याने स्वतः म्हणावे. मग भूपाळीशेजारी गवळणीची लावणी ठेवावी आणि दोन्हींतला गवळीवाडा मुलांना शोधू द्यावा. शब्दार्थ त्यानंतर सांगितले तरी चालतील; बहुतेक अर्थ मुलांनी चालीवरून आधीच ओळखलेले असतील.