फिरकी उलटत नाही, तिचं नाव उलटतं

गेवराईला घरी गेले की माझं एक काम ठरलेलं असतं: एका निवृत्त सरांकडून टेबल टेनिसमध्ये हरणं. सर साठीच्या पुढचे. टेबलापासून चार पावलं मागे उभे राहतात, घाम येऊ देत नाहीत. मी जीव खाऊन टॉपस्पिन मारते, ते बॅटची खडबडीत बाजू पुढे करतात आणि माझा पुढचा फटका जाळ्यात. मी जितका जोर लावीन तितकी लवकर हरते. एकदा चिडून विचारलं, “सर, तुम्ही करता काय नेमकं?” तर म्हणाले, “काही नाही. तुझंच तुला परत देतो.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. कारण मला शिकवलं गेलेलं उत्तर वेगळं होतं: “लाँग पिंपल्सचं रबर फिरकी उलटवतं.” हे वाक्य तुम्ही प्रशिक्षकांकडून, समालोचनात, व्हिडिओंमध्ये हमखास ऐकलं असेल. बचावात्मक खेळाबद्दल असंच दुसरं एक वाक्यही फिरत असतं: “1952 साली स्पंजची बॅट आली आणि बचावाचा खेळ संपला.” तुम्ही ‘पेट’ची तयारी करत असाल, संशोधन आराखडा लिहायला बसला असाल, तर ही दोन वाक्यं तपासून बघा. दोन्ही चूक आहेत, आणि दोघांची चूक वेगवेगळ्या जातीची आहे.

आधी पहिलं वाक्य. कागद घ्या. पंच बसतात तसं टेबलाच्या बाजूला बसल्याची कल्पना करा. चेंडू डावीकडून उजवीकडे चाललाय, त्याला टॉपस्पिन आहे. म्हणजे त्याची वरची बाजू प्रवासाच्या दिशेने, उजवीकडे, फिरतेय. तुमच्या बाजूने बघितलं तर चेंडू घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतोय. आता तो लाँग पिंपल्सवर आदळला. या रबराचे लांब, मऊ दाणे वाकतात, चेंडूला पकडून ठेवत नाहीत. घर्षण कमी, म्हणून फिरकी फारशी बदलत नाही. चेंडू डावीकडे परत निघाला, पण फिरतोय अजूनही घड्याळाच्याच दिशेने. आता त्याची वरची बाजू प्रवासाच्या उलट दिशेने जातेय, आणि यालाच आपण बॅकस्पिन म्हणतो, मैदानावरच्या भाषेत ‘कट’.

म्हणजे उलटली ती चेंडूच्या प्रवासाची दिशा. टॉपस्पिन आणि बॅकस्पिन ही नावं प्रवासाच्या दिशेवरून दिलेली आहेत, म्हणून नाव बदललं. फिरकी खरोखर उलटवतो तो समोरचा, चिकट रबराने टॉपस्पिनला टॉपस्पिनने उत्तर देणारा खेळाडू. चेंडूचं फिरणं थांबवून विरुद्ध दिशेला सुरू करायला त्यालाच घर्षण लागतं, वेगवान हात लागतो. सरांनी खाली कापत बॅट फिरवली तर त्यात थोडी भर पडते, पण मूळ भांडवल माझंच. “तुझंच तुला परत देतो” हे वाक्य भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी काटेकोर होतं.

तुम्ही म्हणाल, शब्दांचाच तर प्रश्न आहे. तसं नाही. “रबर फिरकी उलटवतं” असं मानलं तर जास्त घर्षणाचं रबर जास्त कट देईल असं भाकीत निघतं. “रबर फिरकी राखतं” असं मानलं तर उलट भाकीत निघतं: घर्षण जितकं कमी, तितकी आलेली फिरकी शाबूत. शिवाय फिरकीच न दिलेला चेंडू जवळपास फिरकीविनाच परत येईल, आणि कट दिला तर सौम्य टॉपस्पिन परत मिळेल. सरांशी खेळताना हे तपासायला कुठलंही उपकरण लागत नाही. चेंडूवर पेनाने एक जाड रेघ ओढली तरी पुरतं.

हेच टेनिसला लावून बघा. टप्पा पडताना जमिनीच्या घर्षणामुळे चेंडूला बहुधा पुढची फिरकी मिळते. म्हणून टॉपस्पिनने परतवणाऱ्याला फिरकी उलटवावी लागते, तर स्लाइस मारणारा आलेल्या फिरकीसोबतच जातो. घाईत, ताणलेल्या हाताने, पाय नीट रोवलेले नसताना स्लाइसच का जमतो, याचं एक कारण इथे आहे. चेंडू हवेत का वळतो हे कोडं तर फारच जुनं. टेनिसच्या चेंडूचं वळणं न्यूटनने 1672 साली लिहून ठेवलंय, आणि लॉर्ड रॅले यांनी 1877 मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

आता दुसरं वाक्य. ही गोष्ट आपल्या मुंबईतली. फेब्रुवारी 1952 मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच आशियात भरली, ती मुंबईत. जपानचे हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आले. चेंडू लागल्याचा ओळखीचा टकटक आवाजच येईना. नुसत्या दाणेदार रबराच्या बॅटला सरावलेले भलेभले गोंधळले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो विजेते झाले. इथवर सगळं खरं. “म्हणून बचाव संपला” हा जोड मात्र नंतरचा.

तो जोड का टिकत नाही? एक, बचावावर नियमांचा घाला आधीच पडला होता. 1936 च्या प्राग स्पर्धेत एकच गुण दोन तासांहून जास्त वेळ चालला. 1937 मध्ये महिलांचा अंतिम सामना वेळेत संपेना म्हणून विजेतेपद रिकामं ठेवलं गेलं. त्यानंतर जाळं पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणलं. सातो मुंबईला यायच्या कितीतरी आधीच्या या घडामोडी.

दोन, सातो जिंकले ते स्पंज श्रेष्ठ होता म्हणून, की स्पंज अनोळखी होता म्हणून? एका स्पर्धेवरून हे सांगताच येत नाही. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, फेरेंत्स सिदो जुन्या पद्धतीच्या बॅटने विजेते झाले. हा पुरावा आपल्या बाजूने वापरायचा मोह होतो ना? मलाही झाला होता. पण त्या वर्षी जपानचा संघ आलाच नव्हता! म्हणजे हा दाखलाही तितकाच लंगडा. स्वतःला सोयीचा पुरावा जास्त कडक तपासायचा, एवढं यातून घ्या.

मग श्रेष्ठता आणि अनोळखीपणा वेगळे काढायचे कसे? इतिहासाने एक प्रयोग आयता करून ठेवलाय. पूर्वी बॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण वेगळ्या गुणाची रबरं लावता यायची. हातातल्या हातात बॅट फिरवली की समोरच्याला कळायचंच नाही चेंडू कशाला लागला. 1980 च्या दशकात दोन बाजूंना दोन वेगळे रंग सक्तीचे झाले. रबरं तीच राहिली, बदलली फक्त माहिती. त्यानंतर त्या डावपेचाची धार उतरली, तेव्हा तेवढा भाग अनोळखीपणाचा होता हे मानायला आधार मिळतो. टेनिसमध्ये अशी संधी मिळाली नाही. 1977 मध्ये दुहेरी तारांच्या ‘स्पॅगेटी’ रॅकेटने इली नस्तासेने गिलेर्मो विलासची विजयांची मालिका तोडली आणि लगेच त्या रॅकेटवर बंदी आली. लोक तिला सरावले असते तर काय झालं असतं, हे तपासायला वेळच मिळाला नाही.

तीन, बचाव संपलेलाच नाही. 2003 च्या जागतिक स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक चॉप करत करत अंतिम सामन्यापर्यंत गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये बुसानला आपल्या अयहिका मुखर्जीने तेव्हाच्या अव्वल मानांकित सुन यिंगशाला 3-1 हरवलं. तिच्या बॅकहँडला अँटी-स्पिन रबर असतं: गुळगुळीत, कमी घर्षणाचं. तत्त्व आमच्या सरांचंच.

आता माझी कबुली. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी पृष्ठभागांच्या घर्षणावर आराखडा लिहिला. मार्गदर्शकांनी तो परत केला आणि समासात लिहिलं, “परिणामाला नाव दिलंय. कारण कुठंय?” मी आठवडाभर रुसून बसले. मग लक्षात आलं, मी “रबर फिरकी उलटवतं” याच धाटणीची वाक्यं पानोपानी लिहिली होती. वाचायला छान, पण त्यातून एकही भाकीत निघत नव्हतं.

तेव्हा तुमचा आराखडा काढा आणि त्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य निवडा. नेमकी कोणती राशी बदलतेय, आणि ती कशाच्या तुलनेत मोजताय? कोणतं निरीक्षण आलं तर हे वाक्य खोटं ठरेल? तसं एकही सुचत नसेल, तर तुमच्या हातात अजून फक्त नाव आहे.

यंदा दिवाळीत मी सरांना फिरकीच न दिलेले चेंडू टाकत राहिले. पहिला गेम माझा झाला. दुसऱ्यात ते टेबलाजवळ आले, बॅटची गुळगुळीत बाजू काढली आणि सरळ स्मॅश मारायला लागले. हरले मी.