न पटणारी गोष्ट आणि आपली प्रेमकादंबरी

आजचा विषय प्रेमकादंबरी. आधीच कबूल करतो, आम्ही या कादंबऱ्यांचे वाचक आधी आणि टीकाकार नंतर. सातारा–सांगली एसटीत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कादंबरी आम्ही वाचलेली आहे. हल्ली कव्हर लागत नाही. मोबाईलवर ‘प्रतिलिपी’ उघडलं की पुढचा भाग समोर. पण लाज काही गेली नाही. ‘काय वाचताय?’ असं कोणी विचारलं की अजूनही तोंडातून येतं, ‘असंच काहीतरी.’ तर हे ‘असंच काहीतरी’ आज जरा नीट बघू.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. नारायण हरी आपटे यांचा जन्म १८८९चा, सांगलीजवळच्या समडोळीचा, आणि पुढे मुक्काम सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात. म्हणजे लेखक दोन्हीकडचा. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ केला. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. एका तरुण मुलीचं लग्न म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलं जातं आणि ती ते लग्न मानायला नकार देते.

तुम्ही म्हणाल, यात प्रेम कुठंय? बरोबर आहे, जवळपास नाहीच. पण प्रेमकथेची पहिली अट इथेच दिसते. जिला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’ला काय किंमत? आमच्या मते प्रेमकादंबरीचा कस होकारावर लागत नाही, नकारावर लागतो.

आता वि. स. खांडेकर. जन्म सांगलीचा, १८९८चा. ‘ययाती’ १९५९ साली आली आणि पुढे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी ठरली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात. दासी झालेल्या शर्मिष्ठेला स्वतःचा आवाज मिळतो, ही मोठीच गोष्ट. तरी वाचक म्हणून आमची एक तक्रार आहे. त्याग करणारी शर्मिष्ठा लेखकाच्या जितकी जवळची, तितकी हट्टी, मानी देवयानी नाही. सोसणारीला झुकतं माप देण्याची ही सवय आपल्या प्रेमकथेला तेव्हापासूनच आहे, आणि ती मोडायला वेळ लागतोय.

तिसरे अण्णा भाऊ साठे, वाटेगावचे, जन्म १९२०. त्यांच्या ‘वैजयंता’वर १९६१ साली चित्रपट आला. ही तमाशातल्या बाईची कथा. तिच्या प्रेमाआड पोट येतं, समाज येतो, बघणाऱ्यांच्या नजरा येतात. प्रेम हवेत घडत नाही, ते कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी घरातच घडतं, हे अण्णा भाऊंना कोणी शिकवावं लागलं नाही.

या तिघांना सोबत घेऊन आजच्या कादंबरीकडे येऊ. आधी आवडतं ते सांगतो. आजच्या नायिकेला नोकरी आहे, पगार आहे, पुण्यात भाड्याची खोली आहे. लिहिणाऱ्यांत घरकाम, नोकरी सांभाळून रोज एक भाग लिहिणाऱ्या बायका पुष्कळ. आणि भागाखाली वाचक नायिकेला सल्ले देतात, प्रसंगी खडसावतातही. असं जिवंत वाचन मोठ्या साहित्यालाही सहज मिळत नाही.

आता खटकतं ते. करारलग्न, श्रीमंत साहेब, जबरदस्तीने गळ्यात पडलेलं मंगळसूत्र. नायक तिचा फोन तपासतो, ऑफिसपर्यंत पाठलाग करतो, दुसऱ्याशी बोलली म्हणून हात पिरगाळतो. आणि भाग चाळीसपर्यंत कळतं की हे सगळं प्रेमच होतं! म्हणजे त्या काळात कोरेगावच्या लेखकाला जी गोष्ट पटली नाही, ती आम्ही आज गोड मानून वाचतोय.

दुसरं असं की, नायक-नायिकेला नावं असतात, आडनावं बहुतेक वेळा नसतातच. आपल्याकडे तर आडनाव कळल्याशिवाय स्थळाची बोलणी पुढच्या वाक्यावर जात नाहीत! जातीचा प्रश्न असा गाळून टाकला की कथा हलकी होते, पण तिच्यातलं धाडसही जातं. घरच्यांविरुद्ध उभं राहायला तिथे कारणच उरत नाही.

यावर नेहमी ऐकू येतं, ‘अहो, विरंगुळ्यासाठी वाचतो, त्यात कसली परीक्षा घेता?’ विरंगुळा आम्हालाही हवाच. रात्री बारा वाजता पुढचा भाग शोधणाऱ्यांत आम्हीही आहोत. पण अठरा-वीस वर्षांच्या वाचणाऱ्या मुलीला प्रेम कसं दिसतं हे घरात कोणी सांगत नाही. ते तिला ही कादंबरीच सांगते. म्हणून तिची चेष्टा करू नये, आणि तिला सूटही देऊ नये.

तेव्हा पुढची कादंबरी उघडाल तेव्हा एवढंच बघा. नायिका पहिल्यांदा ‘नाही’ कधी म्हणते, आणि ते ऐकल्यावर नायक काय करतो? तो थांबला, तर ती कादंबरी बिनधास्त हातात धरून वाचा. कव्हर घालायची गरज नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.