लाथाळीच्या चित्रपटांविषयी

समीक्षकाने कोणत्या विषयास हात घालावा याविषयी आपल्याकडे काही अलिखित संकेत आहेत. काव्य झाले, नाटक झाले, फार तर सत्यजित राय यांचा एखादा चित्रपट. इथपर्यंत कोणाची तक्रार नसते. परंतु ज्यांची कथा पोस्टकार्डाच्या एका बाजूस मावते आणि ज्यांतील नायक तोंडापेक्षा पायाने अधिक बोलतो, अशा किकबॉक्सिंगच्या स्वस्त चित्रपटांविषयी लिहावयास बसलो, तर चकलीचा तुकडा हातात धरून वाचक विचारणारच, "का हो, विषय संपले की काय?"

विषय संपलेले नाहीत. पण ज्या कलाकृतीपाशी पैसा नाही, संवाद बेताचे आणि अभिनय त्याहूनही बेताचा, तिच्यापाशी अखेर काय उरते हे पाहण्याजोगे असते. या चित्रपटांपाशी एक गोष्ट निश्चित उरते. आणि जी असावयास हवी होती पण नाही, अशीही एक गोष्ट आहे. या दोहोंचा हिशेब मांडावा एवढाच माझा हेतू.

हे चित्रपट आपल्याकडे आले ते थिएटरपेक्षा व्हिडिओच्या फितीवरून. १९९०च्या सुमारास गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या होत्या. फीत एका रात्रीच्या भाड्याने मिळे आणि सकाळी परत करावयाची असल्यामुळे शेजारपाजारची मंडळीही बैठक मारून बसत. इंग्रजी समजण्याची अडचण कोणालाच नव्हती, कारण समजण्यासारखे इंग्रजी त्यात फारसे नसेच.

या साऱ्या घराण्याचा कुलपुरुष म्हणावा असा चित्रपट म्हणजे १९८९चा 'किकबॉक्सर'. मार्क डिसाल आणि डेव्हिड वर्थ हे त्याचे दिग्दर्शक. खर्च सुमारे १५ लाख डॉलर सांगितला जातो. त्याच वर्षीच्या 'बॅटमॅन'ला याच्या वीसपटीहून अधिक लागले होते. कथा सरळ आहे. अमेरिकेचा विजेता एरिक स्लोन आपल्या धाकट्या भावाला, कर्टला, घेऊन बँकॉकला जातो. तिथला मल्ल टाँग पो खांबावर लाथा मारीत सराव करीत असतो आणि वरून गिलावा कोसळत असतो, हे पाहून धाकटा भाऊ थोरल्याला विनवतो, "लढू नकोस." थोरला ऐकत नाही. रिंगणात त्याची दुर्दशा होते, धाकटा हार मान्य करून टॉवेल फेकतो. टाँग पो तो टॉवेल लाथेने उडवून लावतो आणि एरिकच्या पाठीत कोपर घालून त्याला जन्माचा पांगळा करतो. पुढे कर्ट रानात राहणाऱ्या शिआन चाऊ नावाच्या म्हाताऱ्या गुरूला शरण जातो, विद्या शिकतो आणि सूड घेतो. संपली गोष्ट.

अशा गोष्टी आपण कीर्तनातही ऐकल्या आहेत, वगातही पाहिल्या आहेत. मग हा चित्रपट पाहावयाचा कशासाठी? माझे उत्तर असे, की त्याच्या मधल्या भागासाठी. गुरू शिष्याचे पाय दोरांनी ताणून दोन दिशांना फाकवतो. पोटावर उंचावरून नारळ टाकतो. पायाला मांस बांधून मागे कुत्रा सोडतो. नडगी सोलून निघेपर्यंत झाडाच्या खोडावर लाथा मारावयास लावतो. यात विनोद आहे, अतिशयोक्तीही आहे. पण जाँ-क्लोद व्हान डॅम या बेल्जियन नटाचे पाय जेव्हा खरोखरच एका सरळ रेषेत येतात, तेव्हा त्यात कॅमेऱ्याची लबाडी नसते. ती कित्येक वर्षांची मेहनत असते. या नटाला रडण्याचा अभिनय जमत नाही, प्रेमाचा तर त्याहून जमत नाही. पण त्याचे शरीर खोटे बोलत नाही.

आमच्या शेजारी एके काळी तालमीत वस्ताद असलेले एक गृहस्थ राहत. सिनेमाविषयी त्यांना काडीचे प्रेम नव्हते. ते ही फीत आमच्याबरोबर बसून पाहत होते. हाणामारीच्या वेळी डुलक्या घेत. परंतु मेहनतीचा भाग आला की ताठ बसत. "अहो, पोरगं कसलेलं आहे," ते म्हणाले, "गोष्ट राहू द्या, मांडी बघा." इतकी मार्मिक समीक्षा मी अन्यत्र वाचलेली नाही. गोष्ट राहू द्या, मांडी बघा! या जातीच्या चित्रपटांचे सारे सौंदर्यशास्त्र या पाच शब्दांत आले.

आणि हे सौंदर्य दारिद्र्यातून आले आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो निर्माता इमारत उडवतो, आगगाडी उलटवतो. नटाला लढता येत नसेल तर तुकडे जोडून त्याला लढवतो. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याला खरा लढवय्याच आणावा लागतो. रॉजर कॉर्मन हे या काटकसरीच्या विद्येतले महामहोपाध्याय. १९८९ साली त्यांनी 'ब्लडफिस्ट' काढला तो मनिलामध्ये, कारण फिलिपिन्समध्ये चित्रीकरण स्वस्त पडे, हे त्यांना १९७०नंतरच्या दशकापासून ठाऊक होते. नायक म्हणून त्यांनी डॉन विल्सन या खऱ्याखुऱ्या किकबॉक्सिंग विजेत्याला घेतले आणि पडद्यावरील श्रेयनामावलीत नटांच्या नावांबरोबर त्यांनी जिंकलेली पदेही छापली. नाटकाच्या जाहिरातीत नटांची सुवर्णपदके छापावीत, तसलाच हा प्रकार; पण त्यामागे एक प्रामाणिकपणाही आहे. आमच्याकडे कथा नाही, पण माणसे अस्सल आहेत, असे तो निर्माता सांगत होता. 'किकबॉक्सर'मध्ये थोरला भाऊ झालेला डेनिस अलेक्सिओ हाही प्रत्यक्षातला विजेताच होता.

येथवर जमेची बाजू झाली. आता खर्चाची.

'किकबॉक्सर'ची कथा ज्या विद्येवर उभी आहे ती थायलंडची मुए थाय. तिच्यात मुठी आणि पाय यांच्या जोडीला कोपर आणि गुडघेही चालतात. 'किकबॉक्सिंग' हे नाव मात्र १९६०नंतरच्या दशकात जपानमध्ये ओसामु नोगुची या संयोजकाने रूढ केले. अमेरिकेत १९७४नंतर जी शाखा वाढली तिच्यात लाथ कमरेच्या वरच मारावयाची, असा दंडक होता. या दोन पद्धती एकमेकींसमोर आल्या की काय होते, याचे उत्तर चित्रपटाच्या आदल्याच वर्षी मिळाले होते. नोव्हेंबर १९८८मध्ये लास व्हेगास येथे अमेरिकेचा रिक रूफस आणि थायलंडचा चांगपुएक यांची लढत झाली. पहिल्याच फेरीत रूफसने चांगपुएकचा जबडा मोडला. पण तो थाय लढवय्या तशाच मोडक्या जबड्याने रूफसच्या मांडीवर लाथांमागून लाथा घालीत राहिला आणि चौथ्या फेरीत रूफसला उभे राहणेही अशक्य झाले. या लढतीत कोणी खलनायक नव्हता. दोन शहाण्या, धीट माणसांनी आपापली विद्या पणाला लावली होती.

चित्रपटाला हे पुरेसे वाटले नाही. त्याला राक्षस हवा होता. म्हणून थाय मल्ल दुष्ट ठरला, आणि तो साकारावयासही थाय माणूस न घेता मोरोक्कोत जन्मलेला व्हान डॅमचा बालमित्र मिशेल किसी याला रंगरंगोटी करून उभे केले. गुरू थाय, विद्या थाय, माती थाय. विजय मात्र पाहुण्याचा! शेवटच्या लढतीत हाताला ताग गुंडाळून त्यावर काचेचे तुकडे लावतात, हेही तसेच. हाताला दोर गुंडाळून लढण्याची चाल थायलंडमध्ये खरोखरच होती. १९२०नंतरच्या दशकात हातमोजे आले तेव्हा ती मागे पडली. काचेची कथा मात्र दंतकथेतच जमा करावी हे बरे. आपल्याकडे मांजाला काच लावतात, हाताला नव्हे. उलट जी गोष्ट खरी आणि सुंदर आहे, ती या चित्रपटांत ओझरती येते. लढतीपूर्वी थाय मल्ल सनई आणि ढोल यांच्या साथीवर रिंगणाला फेरी घालून, गुडघे टेकून, गुरूला वंदन करीत संथ नृत्य करतो. आखाड्यात उतरताना माती कपाळी लावणाऱ्या आपल्या पैलवानाला हे सांगावे लागणार नाही.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. हे सारे नायक सूडासाठी लढतात. भावासाठी, गुरूसाठी, फार तर प्रेयसीसाठी. परंतु थायलंडमधील पुष्कळसे मल्ल येतात ते ईशान्येकडील इसान या गरीब प्रदेशातून. भातशेतीवर पोट भरत नाही म्हणून मुलगा आठव्या-दहाव्या वर्षी तालमीत जातो आणि लढतीचे पैसे घरी पाठवतो. सूड एकदा घेतला की संपतो. पोटाचे तसे नाही, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मागते. ज्या चित्रपटांनी गरिबीमुळेच अस्सल शरीरे पडद्यावर आणली, त्यांना त्या शरीरामागची गरिबी मात्र दिसली नाही, हे मला फार खटकते. खांबावर लाथा मारणाऱ्या टाँग पोला ही सवय कोणत्या वयात लागली असेल, त्याच्या घरी कोण असेल, हा प्रश्न त्या चित्रपटातील कोणालाच पडत नाही.

हा हिशेब काही अंशी चुकता केला तो थायलंडच्याच लोकांनी. पन्ना रित्तिक्राई हे गृहस्थ इसानमधील खोनकेन येथे वर्षानुवर्षे अगदी किरकोळ खर्चात मारामारीचे चित्रपट काढीत होते. त्यांच्या हाताखाली सुरिन प्रांतातील एक मुलगा तयार झाला. त्याला पुढे जगाने टोनी जा या नावाने ओळखले. प्राच्या पिंकेव यांनी २००३ साली दिग्दर्शित केलेल्या 'ओंग-बाक' या चित्रपटाचा तो नायक. गावातील बुद्धमूर्तीचे शिर चोरीस जाते आणि ते परत आणण्यासाठी एक खेडवळ तरुण बँकॉकला जातो. तोही लढतो, पण मान मिळवण्यासाठी नव्हे. गावाचा ठेवा गावात परत यावा म्हणून. तारांची मदत नाही, यंत्राने रंगवलेली चित्रे नाहीत. एखादी अवघड उडी झाली की दिग्दर्शक तीच पुन्हा दुसऱ्या बाजूने दाखवतो, जणू म्हणतो, "पाहा, हातचलाखी नाही." वस्तादांनी हा चित्रपट पाहिला असता तर मांडी तर पाहिलीच असती, पण गोष्टही राहू द्या असे बहुधा म्हटले नसते.

'किकबॉक्सर'ची वंशवेल पुढेही वाढत राहिली. २०१६मध्ये तीच कथा पुन्हा आली, तेव्हा पूर्वीचा शिष्य व्हान डॅम गुरूच्या भूमिकेत होता. नटाचे वय वाढले. गोष्टीला मात्र प्रौढपण आले नाही. टाँग पो अजूनही राक्षसच आहे.

तेव्हा घरातील मुले सुटीत असला चित्रपट लावून बसली, तर वडीलधाऱ्यांनी लगेच तो बंद करावयास सांगू नये असे मला वाटते. पाच मिनिटे जवळ बसावे. ती उडी घेणाऱ्याने किती वर्षे घाम गाळला असेल, हे मुलांना विचारावे. आणि मग, जो हरला त्याच्या घरी आज चूल पेटली असेल का, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर दिसते. दुसऱ्याचे दिसत नाही. त्यासाठी पडद्याबाहेर पाहण्याची सवय मुलांना आपणच लावावयाची आहे.