कुऱ्हाडीतला ‘ऱ्ह’ : मुक्त मराठी फॉन्ट आणि त्यांचे वाचक

काही वर्षांपूर्वी एका छोट्या पुस्तकाची मुद्रिते तपासताना मी ‘कुऱ्हाड’ या शब्दापाशी अडलो. अर्ध्या ‘र’ची आडवी खूण ‘ह’च्या पोटात शिरली होती आणि अक्षर काळपट डागासारखे दिसत होते. माझ्याआधी ती पाने वाचलेल्या मुद्रितशोधकांनी त्याला लाल वर्तुळ केले होते. डीटीपी करणाऱ्या मुलाने वर्तुळ पाहिले आणि म्हणाला, “काका, फॉन्टच तसा आहे. माझ्या हातात काही नाही.” पुस्तक तसेच छापले गेले.

फॉन्ट मुक्त परवान्याचा होता. म्हणजे त्याच्या अक्षरांची रेखाटने आणि ती जोडण्याचे नियम कोणालाही उघडून पाहता येत होते, बदलता येत होते. मला त्यातले काही येत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, संगणक शिकलो तो गरजेपुरता, तोही चाळिशीनंतर. तरी फॉन्टच्या कर्त्यांना मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिले आणि सोबत त्या पानाचे छायाचित्र जोडले. उत्तर आले ते मराठी न येणाऱ्या एका माणसाकडून. हा दोष एकाच शब्दात आहे की अनेक शब्दांत, एवढेच त्याने विचारले होते. त्या रात्री मी यादी करायला बसलो : तऱ्हा, वऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट, कुऱ्हाड, ऱ्हास. मग ‘य’ची जोडणी : दुसऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, दऱ्या. यादी चाळीस शब्दांवर गेली. काही महिन्यांनी आलेल्या नव्या आवृत्तीत ‘कुऱ्हाड’ स्वच्छ दिसू लागली.

या लेखातला प्रश्न त्या यादीतून निघाला. मुक्त स्रोत म्हणजे समाजाने मिळून घडवलेली वस्तू, असे आपण ऐकत आलो आहोत. मराठीच्या मुक्त फॉन्टांबाबत हे कितपत खरे आहे? त्यामागे समाज आहे का, आणि असला तर त्यात मराठी वाचक कुठे आहे?

आधीची स्थिती

साहित्यिक नियतकालिकांच्या वाचकाला ही बाब तांत्रिक वाटेल, म्हणून एक अनुभव सांगतो. नव्वदच्या दशकातल्या एका बंद पडलेल्या मासिकाच्या संपादकांच्या घरून, घाटकोपरहून, मला एक सीडी मिळाली. सहा दिवाळी अंकांचा मजकूर तिच्यात होता. फाइल उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या काळातल्या बहुतेक मराठी फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि कोणते अक्षर कुठे हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. फॉन्ट गेला की मजकूर वाचता येत नसे. छापील अंक हाताशी होते म्हणून काम निभावले. मजकूर आपला असला तरी तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

युनिकोडने ही स्थिती बदलली. प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक मिळाला आणि फॉन्ट बदलला तरी मजकूर टिकू लागला. तरीही क्रमांक म्हणजे अक्षराचे रूप नव्हे. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि हिंदीत रूढ असलेला देठाचा ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. शेंडीफोड ‘श’चेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबाबत निर्णय काढून ही रूपे प्रमाण ठरवली, पण ती पडद्यावर दिसायची तर फॉन्टमध्ये तशी रेखाटने आणि तसा नियम हवा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्याआधीच्या फॉन्टांत त्याच्यासाठी चित्र कुठून असणार? आणि अर्ध्या ‘र’चा नियम चुकला तर केवळ शोभा जात नाही, अर्थही जातो. आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना जाते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो.

जुहू आणि पवई

या फॉन्टांच्या इतिहासाचा मोठा भाग मुंबईच्या उपनगरांत घडला, हे फारसे लिहिले गेलेले नाही. जुहूला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते, तेच पुढे सी-डॅकची मुंबई शाखा झाले. लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात यासाठीचा ‘इंडिक्स’ प्रकल्प तिथला. कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवल्यानंतर याच केंद्राशी जोडले गेले. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्या हातचा. लाखो मराठी माणसांनी आपले पहिले युनिकोड वाक्य त्यात वाचले असेल, पण त्याचे नियम उघडून दुरुस्त करण्याची मुभा कोणाला नव्हती.

त्याच सुमारास मुंबईतल्या ‘इंडिकट्रान्स’ या गटाने ‘गार्गी’ हा देवनागरी फॉन्ट ग्नू परवान्याखाली खुला केला. या गटामागे माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शहा होते. देखणेपणात ‘गार्गी’ ‘मंगल’च्या जवळपासही जात नाही. तिच्या रेषेत लेखणीचा ताण जाणवत नाही, मोठ्या मजकुरात डोळा थकतो. तरी स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी ती स्वीकारली आणि वर्षानुवर्षे पुरवली. लिनक्सवर काम करणाऱ्याला परवानगी न मागता देवनागरी वाचता येऊ लागले, हे तिचे श्रेय.

पुढचा टप्पा ‘यशोमुद्रा’चा. राज्य मराठी विकास संस्थेने हा फॉन्ट गिरीश दळवी यांच्याकडून करवून घेतला आणि खुला केला. पुस्तकाच्या पानासाठी घडवलेला, मराठी वळण ठाऊक असलेला फॉन्ट सरकारी पैशातून व्हावा आणि तो सगळ्यांचा व्हावा, ही बाब मी मोलाची मानतो. त्याच्या पायावर पवईच्या आयआयटीत ‘शोभिका’ उभी राहिली. संस्कृत ग्रंथांचे काम करणाऱ्यांना लागणारी वैदिक स्वरचिन्हे आणि दुर्मीळ जोडाक्षरे तिच्यात घातली गेली. दादरच्या मराठी मजकुरासाठी केलेले अक्षर कोणी काशीच्या पोथीसाठी वाढवू शकतो, ते खुल्या परवान्यामुळे. बंद फॉन्टच्या बाबतीत आधी करार करावा लागला असता, आणि बहुधा तो झालाच नसता.

साखळी आणि समाज

इथवरची कथा आनंदाची आहे, आणि बहुतेक गौरवलेख इथेच थांबतात. मला इथे एक उणीव दिसते. ‘यशोमुद्रा’ ते ‘शोभिका’ हा प्रवास संस्थेकडून संस्थेकडे झाला. ही साखळी आहे, आणि चांगली आहे. पण तिच्या कड्या म्हणजे शासन, विद्यापीठे आणि थोडे तज्ज्ञ. हजारो माणसे हे फॉन्ट उतरवून घेतात, त्यांत पत्रिका, पुस्तके, दिवाळी अंक छापतात. त्यांच्यापैकी कितीजणांचे निरीक्षण परत कर्त्यापर्यंत पोचते? परवान्याने दार उघडले, पण येणारा माणूस वस्तू घेऊन जातो, निरोप ठेवत नाही.

याच उपनगरांतले वेगळे उदाहरण पाहा. घाटकोपरला लागून असलेल्या विद्याविहारमधली फ्रॅपे ही कंपनी ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा, उत्पादन सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर बनवते. रुषभ मेहता यांनी आपल्या घरच्या फर्निचरच्या धंद्याच्या गरजेतून त्याची सुरुवात केली. आज वेगवेगळ्या देशांतले लोक त्यात भर घालतात, आपल्या देशाच्या करपद्धतीप्रमाणे ते बदलतात, भाषांतरे करतात. यामागे केवळ परोपकार नाही. कराचा आकडा चुकला तर व्यापाऱ्याचे त्याच दिवशी नुकसान होते, म्हणून तो बोलतो, आणि दुरुस्ती केल्यावर ती मूळ प्रकल्पात गेली तर पुढच्या आवृत्तीत त्याला पुन्हा तेच काम करावे लागत नाही. तक्रार आणि सहभाग ही तिथे एकाच कामाची दोन टोके आहेत.

मराठी अक्षर बिघडले तर नुकसान कोणाचे? वाचक अंदाजाने शब्द लावून घेतो. लेखकाला वाटते प्रकाशकाने पाहिले असेल, प्रकाशकाला वाटते डीटीपीवाल्याने. दोष सगळ्यांना दिसतो आणि कोणाच्याच नावावर पडत नाही. एकच अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेली ‘कुऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधली तर पुष्कळदा सापडत नाही. कोश करणाऱ्याला, संशोधकाला ही अडचण रोजची आहे. मीही कित्येक वर्षे ती मुकाट्याने सोसली, कुठे सांगितली नाही.

दोन आक्षेप

अक्षररचना हे एकहाती काम आहे, पन्नासजणांनी हात लावला तर रेषेचा तोल जाईल, असा आक्षेप रचनाकार घेतात. तो निम्मा खरा आहे. जोशींच्या रेषेत मतदानाने बदल करू नये, असेच मीही म्हणेन. पण फॉन्ट म्हणजे रेखाटने अधिक नियम. रेखाटन एका डोळ्याचे असावे. कोणत्या अक्षरापुढे कोणते आले की काय दिसावे, हे नियम मात्र भाषा वापरणाऱ्या अनेकांनी पारखल्याशिवाय पुरे होत नाहीत. एका माणसाला वऱ्हाडातले, कोकणातले, संतवाङ्मयातले, कायद्यातले सगळे शब्द आठवणे शक्य नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. समाजाच्या सहभागाच्या नावाखाली आपण कोणाचे तरी श्रम फुकट मागतो आहोत का? मराठी मुद्रितशोधकाला आधीच पानामागे तुटपुंजे पैसे मिळतात. त्याने घरी बसून परदेशातल्या अनोळखी माणसाला इंग्रजीत पत्रे लिहावीत, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. म्हणून ही जबाबदारी मी त्याच्यावर टाकत नाही. ती फॉन्ट फुकट वापरणाऱ्या प्रकाशकाची आणि संपादकाची आहे. फॉन्ट विकत घ्यावा लागला असता तर जो खर्च झाला असता, त्याचा छोटासा भाग मुद्रितशोधकाला दोष नोंदवण्याचे जादा काम म्हणून देता येईल. आणि ज्या संस्था फॉन्ट खुला करतात, त्यांनी मराठीत लिहिलेली तक्रार स्वीकारणारा एक माणूस नेमला पाहिजे. प्रकाशन समारंभाचा खर्च एकदाच होतो. देखभालीचा दरवर्षी होतो आणि अंदाजपत्रकात तोच राहून जातो.

लाल वर्तुळ

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात दुरुस्ती सुचवणाऱ्याला मान असतो, कारण त्याची सूचना कोणी केली, कधी केली आणि तिचे काय झाले याची नोंद राहते. आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे नाही. मुद्रितशोधकाची समासातली खूण म्हणजे दुसरे काय? फरक इतकाच की ती खूण त्या पुस्तकापुरती राहते आणि छपाई झाली की रद्दीत जाते.

माझ्या चाळीस शब्दांच्या यादीत माझे काही नव्हते. कुऱ्हाडीचे वर्तुळ त्या मुद्रितशोधकांचे होते. ते आता हयात नाहीत, आणि फॉन्टच्या कर्त्यांना त्यांचे नाव कळवायचे मला त्या वेळी सुचले नाही. गेल्या वर्षापासून मी एक वही ठेवली आहे : वाचताना अक्षर बिघडलेले दिसले की शब्द, पान आणि फॉन्टचे नाव लिहायचे, महिन्याअखेरीस ज्याचे त्याला कळवायचे. पहिल्या पानावर ‘कुऱ्हाड’ लिहिली आहे आणि पुढे त्या मुद्रितशोधकांचे नाव.

हा अंक वाचतानाही असे एखादे अक्षर तुमच्या नजरेला खटकेल. त्यावर पेन्सिलीने वर्तुळ करा आणि पान संपादकांकडे पाठवा.