वाढतं कंपन पात्याचं की गणिताचं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, पवनचक्कीच्या पात्यात कुठे शिरताय? खरं आहे. पातं मला कळत नाही. पण पात्याबद्दल लिहिलेलं एक वाक्य मला खटकलंय, आणि वाक्यं तपासणं हा माझा चाळीस वर्षांचा धंदा आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

साक्रीहून नंदुरबारकडे जाताना छडवेलच्या बाजूला, तसंच ब्राह्मणवेलच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. लांबून पाती संथ वाटतात. पण मोठ्या चक्कीच्या पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे पळत असतं. एवढं लांब, आतून पोकळ पातं वाऱ्यात वाकतं, थोडं पिळवटतं, परत येतं. हे वाकणं-पिळवटणं मर्यादेत राहील की वाढत जाईल, हा प्रश्न खाली वावरात काम करणाऱ्यालाही लागू आहे आणि दुरुस्तीला वर चढणाऱ्या पोरालाही.

आमच्या घरातला एक मुलगा, माझ्या पुतणीचा, आपल्याच भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक. करत होता. प्रकल्प हाच: पात्याभोवतीचा वारा संगणकावर सोडवायचा, म्हणजे सीएफडी, आणि पातं त्यात कसं थरथरतं ते पाहायचं. अहवालाची भाषा तपासायला त्यानं माझ्याकडे पाठवला. 'आबा, फक्त स्पेलिंगं बघा,' म्हणाला. मी बघत गेलो आणि एका वाक्याशी अडकलो. मराठीत त्याचा अर्थ असा: सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये आलेली अस्थिरता योग्य डॅम्पिंग निवडून दूर करण्यात आली.

'योग्य' या शब्दाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि त्याला बोलावलं. काय केलंस रे नेमकं?

त्यानं सांगितलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. कोणत्याही कंपनीचं खरं पातं त्याला मिळणार नव्हतं. म्हणून त्यानं अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं २००९ मध्ये खुलं केलेलं पाच मेगावॅटचं संदर्भ-पातं घेतलं. लांबी ६१.५ मीटर. नेहमीचा वेग मिनिटाला साधारण १२ फेऱ्या. त्यात एक प्रसंग त्यानं स्वतःहून घातला: समजा ब्रेक लागला नाही आणि फेऱ्या २३ पर्यंत गेल्या. त्या प्रसंगात पडद्यावरचं कंपन दर झोक्याला वाढत गेलं, रेघ कागदाबाहेर गेली आणि प्रोग्राम बंद पडला. मार्गदर्शक म्हणाले, सोल्युशन फुटलंय, डॅम्पिंग वाढव. त्या पात्याच्या कागदपत्रात डॅम्पिंग जवळपास अर्धा टक्का धरलेलं आहे. म्हणजे पातं ओढून सोडलं तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी लहान होतो. मुलानं ते २ टक्के केलं. आता प्रत्येक झोका १२ टक्क्यांनी लहान. रेघ शांत झाली आणि अहवालात 'योग्य' हा शब्द आला.

आता मंडळी, इथे माझा प्रश्न सुरू होतो. रेघ वाढत गेली ती गणित बिघडलं म्हणून, की पातं खरंच तसं वागलं असतं म्हणून?

दोन्ही शक्य आहेत, आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. संगणक वाऱ्याला लहान लहान घरांत कापतो, काळाला लहान लहान तुकड्यांत कापतो. तुकडे चुकीचे पडले तर नसलेली ऊर्जा गणितात शिरते आणि आकडे फुगतात. ही झाली गणिताची अस्थिरता. दुसरीकडे पातंही अस्थिर होऊ शकतं. वाकणं आणि पिळवटणं एका विशिष्ट तालात आले की पात्याची हालचालच वाऱ्याचा दाब असा बदलते की प्रत्येक फेरीत वारा पात्याला थोडी ऊर्जा देऊन जातो. ती डॅम्पिंगनं खाल्लेल्या ऊर्जेपेक्षा जास्त झाली की कंपन वाढतच जातं. याला फ्लटर म्हणतात. आणि या संदर्भ-पात्यावरच्या प्रकाशित अभ्यासांत नेहमीच्या साधारण दुप्पट वेगाला फ्लटर सापडल्याची नोंद आहे! आमचा पोरगा ज्या मुलखात फिरत होता, तिथलीच ही गोष्ट.

फ्लटरला पुष्कळजण अनुनाद म्हणतात, तेही इथेच मोडून काढू. आखाजीला आपल्याकडे झोके बांधतात. मागून कुणी बरोबर वेळ साधून धक्का देत राहिलं, तर झोका चढतो. हा अनुनाद: धक्क्याचा ताल बाहेरचा. फ्लटरमध्ये मागे कुणी उभंच नसतं. वारा एकसारखा वाहतो आणि झोकाच आपल्या हलण्यानं त्याच्याकडून धक्के वसूल करतो. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० ला पडला, त्याचं कारण शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं अनुनाद असं छापलं गेलं. बिल्लाह आणि स्कॅनलन या दोघांनी १९९१ मध्ये लेख लिहून ते चूक असल्याचं सविस्तर दाखवलं. पन्नास वर्षं चुकीचा शब्द! शब्द चुकला की उपायही चुकतो. अनुनाद असेल तर ताल बदलून भागतं. फ्लटर असेल तर ऊर्जेचा जमाखर्च मांडावा लागतो.

माझा आक्षेप सिम्युलेशनवर नाही. ते नसतं तर २३ फेऱ्यांचा प्रसंग कुणी खऱ्या पात्यावर करून पाहिला असता? आक्षेप एका सवयीवर आहे. गणित शांत झालं की ते बरोबर आलं, अशी ती सवय. ती एका मुलाची नाही. या प्रकल्पाच्या निमित्तानं मी असे दहाबारा अहवाल चाळले. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी वाऱ्याचा दाब एकदा काढलाय, तो पात्यावर ठेवलाय, पातं किती वाकलं ते काढलंय, आणि पातं वाकल्याची बातमी वाऱ्याला परत कळवलेलीच नाही. यांत्रिकीची मंडळी याला एकमार्गी जोडणी म्हणतात. ताकद तपासायला ते चालतं, वेळही वाचतो. पण त्याच अहवालांच्या शेवटी लिहिलेलं असतं: फ्लटर आढळला नाही. अहो, आढळणार कसा? वाऱ्यानं पात्याला आणि पात्यानं वाऱ्याला उत्तर देणं म्हणजेच फ्लटर. एक बाजू मुकी ठेवल्यावर भांडण झालंच नाही असं म्हणण्यासारखं हे आहे. आर्थर एडिंग्टननं १९३९ च्या आपल्या पुस्तकात एका मत्स्यशास्त्रज्ञाची गोष्ट रचली आहे. त्याच्या जाळ्याची भोकं दोन इंचांची, म्हणून त्याचा सिद्धान्त असा की समुद्रात दोन इंचांहून लहान प्राणी नाही. गंमत म्हणजे सीएफडीवालेही आपल्या घरांना जाळीच म्हणतात.

आता कुणी म्हणेल, हे शिकाऊ पोरांचं झालं, मोठ्यांचं काय? मोठ्यांचीही परीक्षा झालेली आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. २००० साली त्याच अमेरिकी प्रयोगशाळेनं दहा मीटर व्यासाची, दोन पात्यांची चक्की कॅलिफोर्नियात नासाच्या ८० फूट बाय १२० फूट वारा-बोगद्यात उभी केली. मोजमापं घेतली आणि कुलूपबंद ठेवली. मग तज्ज्ञांना सांगितलं, आधी तुमची भाकितं द्या. वारा सरळ समोरून, वेग ठरलेला, अशा सोप्या स्थितीतही शक्तीची भाकितं मोजलेल्या आकड्याच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरली. जोराच्या वाऱ्यात, प्रवाह पात्यावरून सुटायला लागल्यावर, ३० ते २७५ टक्के. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेचं पूर्ण त्रिमितीय सीएफडी मात्र चांगलं जवळ आलं, हेही सांगायला हवं. पण मला भावतं ते कुलूप. उत्तर आधी माहीत असतं, तेव्हा माणूस कुठला ना कुठला आकडा 'योग्य' करतोच. लबाडीनं नव्हे, थकून, आणि व्हायव्हा मंगळवारी असतो म्हणून.

मुलाला मी विचारलं, दोघांतलं कोणतं ते कळायला काही मार्ग आहे की नाही? तो एकदम खुलला. आहे ना आबा, म्हणाला. काळाचा तुकडा अर्धा करायचा, जाळी बारीक करायची. वाढीचा वेग बदलत गेला तर दोष गणिताचा. बदलला नाही तर संशय पात्यावर. शिवाय फेऱ्या कमी करून बघायच्या. खरा फ्लटर एका वेगाखाली आपोआप थांबतो. मग केलं का नाहीस? एका चाचणीला चार रात्री लागतात, आणि लॅबमध्ये एकच चांगलं मशीन आहे, पाळी लावून. हे कारण मी हसण्यावारी नेणार नाही. तपासायला वेळ न देणारी व्यवस्था 'पडताळलं' हा शब्द मात्र प्रत्येक अहवालात मागते. शीर्षकपानानंतर प्रमाणपत्रच असतं तसं.

दिवाळीच्या सुट्टीत, निकाल लागून गेल्यावर, मशीन मोकळं होतं तेव्हा त्यानं ते केलं. डॅम्पिंग परत अर्धा टक्का. काळाचा तुकडा निम्मा. कंपन वाढलंच, आणि वाढीचा वेग जवळपास पहिल्याइतकाच आला. फेऱ्या १८ वर आणल्या तर ते विझलं. जाळी बारीक करायची राहिली आहे, त्यामुळे तो अजून ठाम बोलत नाही, आणि मला ते आवडलं. मी म्हटलं, अहवालाला एक दुरुस्तीचं पान जोड. तो म्हणाला, आबा, बांधणी होऊन प्रत लायब्ररीत गेली, आता कोण उघडणार?

जानेवारीत तो नोकरीवर रुजू होतोय, पात्यांच्याच कामावर. दोन्ही आकृत्या, शांत रेघेची आणि वाढत्या रेघेची, मी त्याच्याकडून छापून आणल्या आहेत. इथे टेबलावर ठेवतो. प्रश्नोत्तरांआधी ज्यांना बघायच्या असतील त्यांनी बघून घ्या.