प्रजाजन की नागरिक?
पंडिता रमाबाईंच्या अमेरिकावर्णनाचे पुनर्वाचन

नागरिकत्व हा विषय आपल्या प्रवचनांतून बहुधा वर्षातून एकदोनदाच डोकावतो. प्रजासत्ताकदिनी, किंवा निवडणूक जवळ आली म्हणजे. आधारवचनही ठरलेले असते. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचला जातो, अधिकाऱ्यांच्या अधीन असावे असे सांगितले जाते आणि देशासाठी प्रार्थना होऊन विषय संपतो. या शिकवणीत खोटे काही नाही; परंतु ती अपुरी आहे. अधीन राहणे हा प्रजेचा धर्म होय. नागरिकाचा धर्म त्याहून अधिक काही मागतो. ते अधिक कोणते, याचा शोध मराठीत फार पूर्वी एका ख्रिस्ती विदुषीने घेतला होता. पंडिता रमाबाईंचे ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. आपल्या मंडळ्यांत बाईंचे स्मरण होते ते मुक्ती मिशनच्या संस्थापिका आणि बायबलच्या भाषांतरकार म्हणून. हे पुस्तक मात्र निव्वळ प्रवासवर्णन समजून बाजूस ठेवले गेले. तो त्याच्यावर अन्याय आहे.

बाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकात, एका मराठीभाषक कुटुंबात झाला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या. पुस्तकात राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापार आणि उद्योग यांवर विवेचन आहे. शीर्षकात ‘लोकस्थिति’ आधी आणि ‘प्रवासवृत्त’ मागून येते, आणि ग्रंथातील भरही तसाच आहे.

हे पुस्तक ज्या वाचकासाठी लिहिले, तो राणीची रयत होता. राज्यकारभारात त्याला जवळजवळ काहीच स्थान नव्हते. अशा वाचकापुढे, राजा नसलेला एक विशाल देश आपला कारभार कसा चालवतो याचे तपशीलवार वर्णन ठेवणे ही साधी माहिती राहत नाही. इंग्रजी राज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करताही वाचकाच्या मनात तुलना आपोआप सुरू होते.

परंतु पुस्तकाचे खरे मर्म स्त्रियांच्या प्रकरणात आहे. त्या काळी अमेरिकेतील स्त्रियांना राष्ट्रव्यापी मताधिकार नव्हता. वायोमिंगच्या प्रदेशाने १८६९ साली तो दिला होता. देशभर तो मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले. तथापि फ्रान्सिस विलार्ड यांच्या नेतृत्वाखालील मद्यपाननिषेधक स्त्रीसंघासारख्या संघटना गावोगावी काम करीत होत्या. सभा बोलाविणे, ठराव मांडणे, वर्गणी जमविणे, जमाखर्च वाचून दाखविणे, शासनाकडे मागणी नेणे, हे सर्व मत नसलेल्या स्त्रिया करीत होत्या. या वर्णनातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्यासाठी मोलाचा आहे. मताधिकार हे नागरिकत्वाचे फळ आहे, मूळ नव्हे. सार्वजनिक काम आपले मानून ते इतरांसह, नियमाने आणि हिशेबाने करण्याची सवय हे त्याचे मूळ होय.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाईंनी काढलेले चित्र काहीसे जास्त उजळ आहे. त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य करण्याचे अभिवचन देणारी संस्था डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झाली होती. कृतज्ञ मनाची लेखणी सौम्य व्हावी हे स्वाभाविक आहे. कृष्णवर्णीयांवरील आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय त्या लपवीत नाहीत. तथापि लोकसत्तेचे मोजमाप त्या अन्यायावरूनच करावे, इतक्या टोकाला त्या जात नाहीत. त्याच देशाने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली आणि चिनी रहिवाशांना नागरिकत्वाचा मार्ग बंद केला. नागरिक कोण, याइतकाच नागरिक कोणाला होऊ दिले जात नाही हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. तो या ग्रंथाच्या केंद्रस्थानी नाही.

ही उणीव बाईंच्या पुढील आयुष्याने बरीचशी भरून काढली. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील शेकडो अनाथ मुली व स्त्रियांना आश्रय दिला. हे आपण प्रवचनातून अनेकदा सांगतो. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल झाले त्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात जाहीर तक्रार केली आणि सरकारचा रोष पत्करला. हे मात्र आपण सहसा सांगत नाही. एका हाताने अन्न देणे आणि दुसऱ्या हाताने जाब विचारणे, ही दोन्ही कामे त्यांच्या ठायी एकाच श्रद्धेतून निघाली होती. आपण दया तेवढी उचलली आणि जाब विसरलो.

पवित्र शास्त्र मात्र तो विसरू देत नाही. फिलिप्पै येथे पौलाला चौकशीविना फटके मारून बंदीत टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून देऊ पाहिले, तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला. आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणास बाहेर न्यावे अशी मागणी त्याने केली (प्रे. कृत्ये १६). याच नगरातील मंडळीला पुढे तो स्वर्गीय नागरिकत्वाची आठवण देतो (फिलि. ३:२०). स्वर्गीय नागरिकत्वाने ऐहिक नागरिकत्व रद्द होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे दोन उतारे एकत्र वाचावेत. यिर्मयानेही बाबेलातील बंदिवानांना त्या परक्या नगराचेच हित पाहण्यास सांगितले होते (यिर्मया २९:७).

गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्या दुहेरी अल्पसंख्य आहेत. धर्माने आणि बहुतेक ठिकाणी भाषेनेही. अशा समाजाला आपल्यापुरते पाहण्याचा मोह फार होतो. दफनभूमीची जागा, शाळेचे अनुदान, जातीचा दाखला यांसाठी आपण कचेरीची पायरी चढतो. घटनेच्या २९ व्या व ३० व्या कलमांनी दिलेले हक्क मागण्यात गैर काहीच नाही. परंतु जो केवळ स्वतःच्या अर्जापुरता येतो, तो अजून प्रजाजनच असतो. शेजारच्या वस्तीत पाणी का येत नाही, हे विचारण्यासाठी जो येतो तो नागरिक.

१९९२ साली संमत झालेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि पंचायती व नगरपालिकांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. रमाबाईंच्या वाचकाला स्वप्नातही न दिसलेले हे दार आहे. त्यातून आत जाण्याची तयारी मंडळीतच होऊ शकते. महिला मंडळाचे इतिवृत्त वाचले जाते काय? हिशेब सर्वांपुढे मांडला जातो काय? एखाद्या भगिनीने प्रश्न विचारला तर तो शंकेखोरपणा ठरतो, की कर्तव्य? जी भगिनी आपल्या मंडळीत हिशेब विचारू शकत नाही, ती ग्रामसभेत तो कसा विचारणार?

धर्मगुरू आणि धर्मशिक्षकांनी हे पुस्तक मिळवून वाचावे. त्याची इंग्रजी भाषांतरे २००३ साली निघाली. मराठी वाचकाने मात्र ते मराठीतच वाचणे उचित. आणि पुढील प्रजासत्ताकदिनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय अवश्य वाचावा. पण त्यासोबत प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्यायही उघडावा.