रुळण्याची गोष्ट

आपल्या कथाकादंबऱ्यांतली माणसे गाव सोडून शहरात येतात पुष्कळ. रुळतात मात्र फार थोडी. हे विधान वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. आपल्या शेजारीपाजारी पाहावे तो जो तो कुठून ना कुठून आलेला असतो. कोणी कोकणातला चाकरमानी, कोणी बदलीवर आलेला, कोणी शिकायला आलेला, कोणी लग्न होऊन आलेली. ही सारी माणसे चारसहा महिन्यांत रुळतात. दूधवाला ठरतो, पाण्याची वेळ पाठ होते, किराणावाला उधारीच्या वहीत नाव घालतो, कुठल्या बसला कुठल्या वेळी गर्दी कमी असते हे कळू लागते. म्हणजे या घटनेइतकी घरोघरची घटना दुसरी नाही, आणि आपल्या ललित वाङ्मयाने तिच्याकडे सहसा डोळेझाक केली आहे.

त्याऐवजी आपल्याला काय वाचायला मिळते? नायक स्टेशनावर उतरतो, गर्दीने गांगरतो, ट्रंक सांभाळतो. मग एक तर तो आईला रडवे पत्र लिहितो, नाहीतर वाईट संगतीला लागतो. शेवटी शहर त्याला चिरडून तरी टाकते किंवा तो शहाणा होऊन गावाकडच्या एस.टी.त बसतो. गाव म्हणजे माया आणि शहर म्हणजे माणूसघाणे यंत्र, अशी ही वाटणी. ही वाटणी ज्यांनी केली त्यांतले बहुतेक लेखक मुंबईपुण्यातच राहिले आणि तिथेच पेन्शनीत निघाले, हा त्यातला गमतीचा भाग. मग त्यांना स्वतःला हे शहर मानवले कसे? ती हकीकत ते सांगत नाहीत.

मी काही विद्यापीठात समीक्षा शिकलेली नाही. शाळेपुरते शिक्षण, शाळेतच नोकरी, आणि फावल्या वेळात लिहिलेल्या काही कादंबऱ्या, एवढेच माझे भांडवल. पण वर्गात बसून एक गोष्ट मला वर्षानुवर्षे पाहायला मिळाली आहे. बदलीवाल्यांची मुले अध्येमध्ये शाळेत येतात. नवा मुलगा प्रत्येक वाक्य 'आमच्याकडे' या शब्दाने सुरू करतो. आमच्याकडे मधली सुट्टी मोठी असते, आमच्याकडे भाकरीला असे म्हणत नाहीत. मग एखाद्या दिवशी, बहुधा दिवाळीच्या सुट्टीनंतर, तो शब्द गळून पडतो. कधी गळला ते त्यालाही सांगता येत नाही. पुढे त्याच्याच तोंडून दुसऱ्या एखाद्या नव्या मुलाला उद्देशून 'आमच्याकडे असं नसतं' असे ऐकू येते, आणि या वेळी 'आमच्याकडे' म्हणजे इथे! तेव्हापासून शहरावरचे कोणतेही पुस्तक हाती घेतले की मी त्यात हा शब्द शोधते. कोणाच्या तोंडचे 'आमच्याकडे' कुठल्या पानावर फिरले, आणि ते फिरताना त्या माणसाने काय सोडून दिले, हे ज्या लेखकाला दिसले त्याला शहर दिसले असे मी समजते.

मुंबईविषयीचे आपले पहिले मोठे पुस्तक एका आलेल्या माणसानेच लिहिले. गोविंद नारायण माडगावकर मूळचे गोव्याचे. लहानपणी मुंबईस आले आणि पुढे तिथेच शाळेत शिकवू लागले. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले. रस्ते, बाजार, देवळे, जातीजमाती, आगगाडी, सगळ्यांची त्यात नोंद आहे. जन्माच्या मुंबईकराने हा खटाटोप केला नसता. त्याला त्यात नोंदण्यासारखे काही दिसलेच नसते.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ साली, एकाच वर्षात जयवंत दळवींची 'चक्र', भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आणि बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह अशी तीन पुस्तके आली. 'चक्र'मधली झोपडपट्टी हा वेगळा विषय आहे. तिथे रुळण्याला उसंतच मिळत नाही. माझ्या विषयाशी जवळची ती उरलेली दोन.

'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजात येतो. वसतिगृह, मेस, चहा, उधाऱ्या, गॅदरिंग, परीक्षा, यांतच पुस्तकाचा मोठा भाग जातो. 'यात घडत काहीच नाही' अशी तक्रार काही वाचक करतात. अहो, नव्या गावी राहायला गेलेल्या माणसाचे घडणे ते हेच! मेसमध्ये कोण कोणाशेजारी बसतो, कोणाचा चहा कोणाच्या नावावर पडतो, यावरच तिथे त्याची पत ठरते. नेमाड्यांनी त्या वेळी, म्हणजे पंचविशीत, हे ओळखले, ही मोठी गोष्ट. पांडुरंगाच्या तोंडचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द पुढे फारच गाजले; तरुण लेखकांनी त्यांची नक्कल करून करून वीट आणला. पण मूळ पुस्तकात त्या शब्दांना काम आहे. नव्याने आलेल्या पोराला शहराची भाषा, शहराचे समारंभ, शहराचा दिमाख अंगावर येतो. त्याला तो शिरवून घेता येत नाही आणि नाकारायची ताकदही नसते. मग तो हे सगळे एका 'वगैरे'त कोंबून बाजूला सारतो. 'वगैरे' ही त्याची ढाल आहे. पांडुरंगाचे 'आमच्याकडे' शेवटपर्यंत फिरत नाही, आणि गंमत अशी की सांगवीला परतल्यावर तो तिकडचाही उरलेला नसतो.

परंतु या विषयावरची सर्वांत मोठी मराठी कथा कोणती असे मला विचाराल, तर मी बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' हीच सांगेन. दलित साहित्य म्हणून तिची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण नव्या गावी बिऱ्हाड शोधण्याची कथा म्हणूनही ती एकदा वाचून पाहावी. मुंबईचा एक तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी सुरतेजवळ उधन्याला येतो. नोकरी आहे, पगार मिळणार आहे, अंगात उमेद आहे. त्याला फक्त खोली हवी आहे. आणि खोलीच्या आधी प्रश्न येतो तो जातीचा. तो उत्तर देतो ते मुंबईकर असल्याचे! येथे बागुलांची नजर किती पोचली आहे पाहा. इतर पुस्तकांत गावाहून आलेला माणूस मुंबईत जाऊन मुंबईकर होऊ पाहतो. इथे मुंबईकरपण हेच त्याने पांघरलेले वस्त्र आहे. ज्या शहराने त्याला बाकी काही दिले नसेल, त्याने निदान जातीच्या जागी सांगायला एक नाव दिले. त्या नावावर त्याला निवारा मिळतो, शेजार मिळतो, कवितेवर प्रेम करणारा मित्र मिळतो, त्याच्या घरचे जेवण मिळते. म्हणजे तो रुळतो. आणि जसजसा तो रुळत जातो तसतशी वाचकाच्या पोटात भीती वाढते. ताटावर बसलेल्या माणसाच्या प्रत्येक घासाला आपण दचकावे, असे दुसऱ्या कुठल्या मराठी कथेत होते? जात उघड होते, मार बसतो, आणि ज्याने आपली जात कधी लपवली नव्हती तो काशिनाथ त्याला सोडवतो.

हे नुसते कल्पित नव्हे. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून नाव सांगून ते पारशांच्या एका निवासात उतरले. थोड्याच दिवसांत ते कळले आणि लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. सामान घेऊन ते शहरातल्या बागेत तासन्‌तास बसून राहिले. हे त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे. तेव्हा नव्या शहराच्या एकटेपणाविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्या लेखकाला मी आधी एकच विचारीन: बाबा रे, तुला खोली मागताना काय सांगावे लागले? त्यावर तुझे एकटेपण कुठल्या जातीचे ते कळेल.

आता सुखाचा विषय. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) घराघरांत वाचली गेली, रंगमंचावर पाहिली गेली. दिवाळीत पाहुणे जमले की आजही कोणीतरी तिचे पान काढतो. चाळीतली मंडळी मूळची इथली नव्हेत, पण आपण भेटतो तेव्हा ती इतकी रुळलेली असतात की आपण आलेले आहोत हेच त्यांना आठवत नाही. 'गच्चीसह झालीच पाहिजे' या प्रकरणात ती गच्चीसाठी संयुक्त महाराष्ट्राच्या थाटात चळवळ मांडतात. हसून हसून पुरेवाट होते; पण जरा थांबून पाहिले तर त्यात एक खरी गोष्ट आहे. माणूस शहराचा होतो तो शहरावर प्रेम करून नव्हे, तिथल्या एखाद्या वस्तूवर हक्क सांगून. गच्ची, नळ, जिन्याखालची जागा. ज्या दिवशी तुम्ही नळावर भांडलात त्या दिवशी तुम्ही त्या चाळीचे झालात! पुस्तकाच्या शेवटच्या चिंतनात पु. लं.चा सूर बदलतो, आणि जी चाळ आपण विनोदाचे ठिकाण समजत होतो तिच्याविषयी घशाशी काहीतरी येते. काहींना हा शेवट हळवा वाटतो. मला तो त्या पुस्तकाचा पाया वाटतो.

नळ म्हटले की मला बायका आठवतात, आणि इथे आपल्या वाङ्मयाविषयी माझी खरी तक्रार आहे. शहरात येतो तो पुरुष, असे आपल्या कादंबरीने धरून ठेवले आहे. बिऱ्हाड मांडते कोण? त्याला ऑफिसात आठ तास आयती माणसे मिळतात. तिला चार भिंती आणि अनोळखी शेजार मिळतो, आणि चूल पहिल्याच संध्याकाळी पेटावी लागते. म्हणून मला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटतात. त्यांना ना कादंबरी लिहायची होती ना शहरांवर भाष्य करायचे होते. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, पंढरपूर, नगर, बाईंची बिऱ्हाडे मोजता मोजता दमायला होते. रेव्हरंड टिळकांसारखा देवमाणूस घरात. म्हणजे बाजारासाठी दिलेले पैसे भलतीकडेच जायचे, संसार मात्र चालला पाहिजे. प्रत्येक नव्या ठिकाणी पाणी कोणाचे प्यावे, कोणाच्या हातचे खावे, येथून बाईंना सुरुवात करावी लागते, आणि ही त्यांची मने बदलत जाण्याची हकीकत कुठेही उपदेश न करता, हसत हसत येते. ज्यांना हे नुसते भाबडे कथन वाटते त्यांनी नव्या गावात एकदा चूल मांडून पाहावी.

गिरणगावातल्या खानावळवाल्यांचे तर नावच नको. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गिरणीकामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत. एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा होई. त्यांना रुळवले ते खानावळ चालवणाऱ्या बायकांनी. कोणाला तिखट चालत नाही, कोण महिनाअखेर पैसे बुडवील, कोणाच्या घरून वाईट पत्र आले, सगळे त्यांना ठाऊक. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्या जागी मनोरे उभे राहिले. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकाने कामगाराच्या मोडलेल्या घराचे दुःख मांडले आणि ते चोख मांडले. खानावळवालीची कादंबरी वाचण्याची माझी हौस मात्र अजून पुरी व्हायची आहे.

रुळलेल्या माणसाचे मागे राहिलेल्या घराशी काय होते, हे महेश एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) दाखवले. तात्याजी वारले म्हणून मुंबईचा सुधीर बायकोसह धरणगावच्या वाड्यात येतो. मोठ्या भावाला वाटते, हा मुंबईचा, याच्याकडे पैसा असणारच. सुधीरला वाटते, यांना शेतीवाडी आहे, आपल्याला काय आहे? दोघेही खोटे बोलत नाहीत. दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे आणि तेराव्याच्या खर्चावरून घासाघीस चालली आहे. सुधीरचे 'आमच्याकडे' आता मुंबईकडे वळलेले आहे, ते त्याच्यापेक्षा घरच्यांना आधी कळले आहे.

हे सारे जुने झाले असे समजू नये. पुण्याच्या पेठांमधून आज स्पर्धा परीक्षांची मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. म्हणजे भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका. त्यांत मराठवाड्याच्या, विदर्भाच्या, खानदेशाच्या मुलीही आहेत. पांडुरंग सांगवीकराला परत जाता आले. तिकडे घर होते, जमीन होती, रागावणारे का होईना पण पैसे पाठवणारे वडील होते. या मुलींपैकी कित्येकींना परत जायचे म्हणजे दाखवून घ्यायला उभे राहायचे. अशा एखाद्या मुलीने मेसच्या भाजीबद्दल आईला फोनवर काय सांगितले आणि खोलीच्या मालकिणीने काय विचारले ते कसे गिळून टाकले, इथून कादंबरीचे पहिले प्रकरण खुशाल सुरू करावे. स्टेशन नसले तरी चालेल.